सावलीतला जगज्जेता

खेळाडूच्या कर्तृत्वाचे मोजमाप करणे वरवर पाहता सोपे वाटते. धावपटूची वेळ घड्याळात नोंदलेली असते, फलंदाजाच्या धावा धावफलकावर असतात आणि नावाजलेल्या मल्लाने कोणत्या वर्षी कोणाला चितपट केले, हे गावोगावच्या जाणकारांना तोंडपाठ असते. मुष्टियोद्ध्याचीही अशीच नोंद ठेवली जाते. अमेरिकेचा हेवीवेट मुष्टियोद्धा जो फ्रेझियर याची नोंद अशी : ३७ व्यावसायिक सामने, ३२ विजय, त्यांपैकी २७ नॉकआउटने, ४ पराभव आणि १ बरोबरी. हे चारही पराभव केवळ दोन माणसांकडून झाले. दोनदा मुहम्मद अलीने त्याला हरवले, दोनदा जॉर्ज फोरमनने. या दोघांखेरीज जगातील कोणत्याही मुष्टियोद्ध्याला फ्रेझियरवर विजय मिळवता आला नाही. एवढ्यावर हिशेब पुरा व्हायला हवा होता. पण तो होत नाही. फ्रेझियरचे नाव निघाले की बोलणारा दुसऱ्याच वाक्याला अलीवर येतो आणि पुढे अलीवरच रमतो.

यात अलीच्या चाहत्यांचा दोष नाही. विसाव्या शतकात अलीएवढा जगभर ओळखला जाणारा खेळाडू क्वचितच झाला असेल. तो देखणा होता, वाक्पटू होता आणि व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार देऊन त्याने ऐन उमेदीतील साडेतीन वर्षांवर पाणी सोडले होते. अशा माणसाची कथा सांगताना तिला एक प्रतिस्पर्धी लागतो आणि ती जागा फ्रेझियरच्या वाट्याला आली. प्रश्न एवढाच आहे, की एका माणसाचे संपूर्ण आयुष्य दुसऱ्याच्या कथेतले एक पात्र म्हणून मोजले जावे का? फ्रेझियरपुरते या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते, आणि त्याची कारणे केवळ भावनिक नाहीत.

जोसेफ विल्यम फ्रेझियरचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यातील ब्यूफर्ट या गावाजवळ झाला. घर मोठे, भावंडे पुष्कळ आणि जमीन थोडी. वडील रुबिन यांनी एका गोळीबारात डावा हात गमावला होता. शेतीची आणि दुरुस्तीची कामे करताना त्यांना ज्या ज्या ठिकाणी दुसरा हात लागे, त्या त्या ठिकाणी धाकटा जो उभा राही. तोच त्यांचा डावा हात होता, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळा, वेगळे पाणी आणि वेगळे बाक असण्याचा तो काळ होता. घरी दूरचित्रवाणीचा संच आला, तेव्हा नातेवाईक मुष्टियुद्धाचे सामने पाहायला जमू लागले. त्यांच्यातील एका काकाने या गुबगुबीत मुलाकडे पाहून हा दुसरा जो लुई होणार, असे भाकीत केले. मुलाने ते मनावर घेतले. गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची कणसे, शेवाळ आणि मध्यभागी एक वीट भरून त्याने ते ओकच्या झाडाला टांगले आणि रोज त्यावर ठोसे मारू लागला.

याच काळात एक डुक्कर अंगावर धावून आले असता तो पळताना पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. वैद्याकडे जाण्याइतके पैसे घरात नव्हते. हात आपोआप जुळून आला, पण वाकडाच. तो पुन्हा कधी पूर्णपणे सरळ झाला नाही. पुढे ज्या डाव्या हुकने जगातील भलेभले मुष्टियोद्धे आडवे झाले, तो ठोसा या अर्धवट वाकलेल्या हाताचा होता. हुक हा कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा असतो. जणू परिस्थितीने त्या पोराचा हात त्याच एका कामासाठी बेतून ठेवला होता. अर्थात असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या हातावर उपचार झाले नाहीत, त्याच्या दृष्टीने ती केवळ गरिबी होती.

पंधराव्या वर्षी त्याने गाव सोडले. गोऱ्या शेतमालकाशी खटका उडाल्यावर तिथे राहणे धोक्याचे झाले होते. प्रथम न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया असा त्याचा प्रवास झाला. फिलाडेल्फियात तो एका कत्तलखान्यात कामाला लागला. वजन वाढले म्हणून ते उतरवण्यासाठी तो पोलिसांनी मुलांसाठी चालवलेल्या व्यायामशाळेत जाऊ लागला. तिथे यँक डरहॅम या प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली. हातमोज्यांतून धूर निघाला पाहिजे, असे डरहॅम त्याला बजावत असे; त्यातूनच 'स्मोकिन जो' हे टोपणनाव रूढ झाले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठीच्या निवड सामन्यांत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून बदली खेळाडू म्हणून फ्रेझियरला पाठवण्यात आले. उपांत्य सामन्यात त्याच्या डाव्या अंगठ्याचे हाड मोडले. ही गोष्ट त्याने लपवून ठेवली आणि अंतिम सामन्यात जर्मनीच्या हान्स हूबरला ३-२ अशा पंचांच्या कौलाने हरवले. त्या वर्षी मुष्टियुद्धात अमेरिकेला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते.

व्यावसायिक मुष्टियोद्धा होण्यासाठी पैसा लागतो, आणि कत्तलखान्यातल्या कामगाराकडे तो कुठून असणार? फिलाडेल्फियातील काही मंडळींनी एकत्र येऊन एक कंपनी काढली, तिचे समभाग विकले आणि फ्रेझियरला आठवड्याचा पगार सुरू केला. या व्यवस्थेमुळे त्याला निर्धास्तपणे सराव करता आला. मात्र भागधारकांत गोरे अधिक होते आणि हीच बाब पुढे त्याच्या विरोधात वापरली गेली.

त्याची शैली त्याच्या शरीराला साजेशी होती. हेवीवेट गटात तो बुटका ठरे. अलीपेक्षा सुमारे साडेतीन इंच कमी, हातांचा पल्लाही तोकडा. लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्याला दुरून ठोसे मारू दिले, तर अशा माणसाचा निभाव लागत नाही. म्हणून तो गुडघ्यांत वाकून, डोके डावीउजवीकडे सतत हलवत, ठोशांच्या खालून पुढे सरके आणि छातीला छाती भिडली की बरगड्यांवर आणि जबड्यावर घाव घाली. यात मागे हटणे नव्हते. पुढे जाताना दोनतीन ठोसे खावे लागणार, हे त्याने गृहीतच धरलेले असे. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एका मिनिटाची विश्रांती आणि अशा १५ फेऱ्या सतत वाकून, हलत, पुढे रेटत राहायचे, याला किती दम लागत असेल याची कल्पना दोन मिनिटे तसे करून पाहिले तरी येईल. ऑस्कर बोनाव्हेना, जेरी क्वारी, जॉर्ज शुव्हालो, बॉब फॉस्टर, जिमी एलिस ही त्याने हरवलेल्या माणसांची नावे आहेत. १९६८ मध्ये त्याने जुना हिशेब चुकता करत मॅथिसला हरवले आणि न्यूयॉर्कपुरते जगज्जेतेपद मिळवले. १६ फेब्रुवारी १९७० रोजी एलिसला नमवून तो निर्विवाद जगज्जेता झाला.

निर्विवाद हा शब्द कागदावरचा होता. लोकांच्या मनात एक विवाद होताच. खरा जगज्जेता अली होता आणि त्याचे पद रिंगणात कोणी जिंकले नव्हते. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला, तेव्हा ते त्याच्याकडून काढून घेण्यात आले होते. त्या रिकाम्या जागेसाठी मुष्टियुद्ध संघटनेने आठ जणांची स्पर्धा भरवली, तीत फ्रेझियर उतरला नाही. अलीवर बंदी असताना, त्याचे उत्पन्न थांबले असताना फ्रेझियरने त्याला पैसे दिले आणि त्याचा परवाना परत मिळावा म्हणून प्रयत्न केले, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. यात निव्वळ परोपकार होता असे म्हणण्याचे कारण नाही. अलीशी लढल्याशिवाय आपले पद पुरे होणार नाही, हे फ्रेझियरला कळत होते आणि त्या सामन्यात पैसाही मोठा होता. तरीही स्वार्थ आणि सद्भाव एकाच कृतीत नांदू शकतात. अडचणीच्या वेळी केलेली मदत ही मदतच असते.

अलीला परवाना मिळाला आणि ८ मार्च १९७१ ही तारीख ठरली. सामन्यापूर्वीच्या आठवड्यांत अलीने जे केले, ते फ्रेझियर मरेपर्यंत विसरला नाही. अलीने त्याला अज्ञानी म्हटले, कुरूप म्हटले, गोऱ्यांचा माणूस म्हटले. त्याने त्याला 'अंकल टॉम' हे विशेषण चिकटवले. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ सालच्या प्रसिद्ध कादंबरीतील पात्रावरून आलेला हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात गोऱ्यांपुढे लाचारीने वाकणाऱ्यासाठी वापरला जातो. एका काळ्या माणसाने दुसऱ्या काळ्या माणसाला देता येईल अशी याहून जहरी शिवी त्या काळी क्वचितच असेल.

या शिवीतला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. अली लुईव्हिल शहरातला. त्याचे वडील पाट्या रंगवत. घरची स्थिती श्रीमंतीची नसली तरी बेताने बरी होती. त्याच्या सुरुवातीच्या कारकिर्दीला पैसा पुरवणारा गटही गोऱ्या धनिकांचाच होता. उलट फ्रेझियर दक्षिणेच्या शेतमातीत राबून, गोऱ्या मालकाचा राग ओढवून घेऊन, गाव सोडून आलेला. वर्णभेदाचे चटके दोघांपैकी कोणाला अधिक बसले असतील, हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. पण अलीकडे शब्द होते आणि फ्रेझियरकडे नव्हते. अलीने जग दोन बाजूंत वाटून टाकले : युद्धाला विरोध करणारे, तरुण, बंडखोर, कृष्णवर्णीय हे आपल्याकडे आणि सत्ताधारी, सनातनी, गोरे हे फ्रेझियरकडे. फ्रेझियरने ती बाजू मागितलेली नव्हती. तरीही त्याच्या समाजातील असंख्य लोकांनी त्याच्या पराभवाची इच्छा केली, त्याच्या घरी धमक्या आल्या आणि त्याच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागले. हे सारे तिकिटे खपवण्यासाठी होते, असा खुलासा नंतर अलीच्या बाजूने झाला. तिकिटे खपलीही. पण तिकिटे दोघांची खपली आणि अपमान मात्र एकाच्याच पदरी पडला.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या रात्री वीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. दोन्ही मुष्टियोद्धे तोवर अजिंक्य होते. फ्रेझियरचे २६ विजय, अलीचे ३१. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळाले. तेव्हा हे आकडे चकित करणारे होते. गायक आणि अभिनेता फ्रँक सिनात्रा एका साप्ताहिकासाठी छायाचित्रे काढत रिंगणाजवळ बसला होता, यावरून त्या प्रसंगाच्या थाटाची कल्पना यावी. सुरुवातीच्या फेऱ्यांत अलीचे ठोसे नेमके बसत होते. हळूहळू फ्रेझियर आत शिरू लागला. अकराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने अलीचे पाय लटपटले. पंधराव्या आणि शेवटच्या फेरीत तोच ठोसा अलीच्या जबड्यावर असा बसला, की अली पाठीवर आडवा झाला. तो उठला, हेही तितकेच आश्चर्यकारक होते. सामन्याच्या शेवटी रेफ्री आणि दोन्ही पंच, तिघांनीही आपला कौल फ्रेझियरला दिला. अलीच्या व्यावसायिक आयुष्यातील हा पहिला पराभव होता. विजेत्याला मात्र दुसऱ्या दिवशी आनंद साजरा करता आला नाही. त्याला रुग्णालयात ठेवावे लागले.

फ्रेझियरला कमी लेखणाऱ्यांचे आक्षेप इथूनच सुरू होतात आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. त्या रात्रीचा अली ४३ महिन्यांच्या खंडानंतर परतलेला अली होता. त्याची पूर्वीची चपळाई गेली होती. फ्रेझियरचे जगज्जेतेपद तीन वर्षेही टिकले नाही. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टन येथे फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. जानेवारी १९७४ मध्ये अलीने पंचांच्या निर्णयावर परतफेड केली. कारकिर्दीच्या लांबीने पाहिले, तर जो लुई, अली किंवा लॅरी होम्स यांच्या पंक्तीत फ्रेझियरला बसवता येत नाही.

हे मान्य करूनही काही गोष्टी उरतात. खंडानंतरचा अली दुबळा होता म्हणावे, तर त्याच अलीने पुढे १९७४ मध्ये किन्शासा येथे फोरमनला हरवले आणि तो विजय जगातील महान विजयांत गणला जातो. एकाच माणसाला एका वर्षी म्हातारा आणि तीन वर्षांनी महान ठरवण्यात तर्कशुद्धता नाही. फोरमनकडून झालेल्या पराभवाचे म्हणाल, तर फ्रेझियरच्या शैलीला फोरमनइतका प्रतिकूल प्रतिस्पर्धी दुसरा नव्हता. अंगावर चालून येणाऱ्याला खालून वर उचलणारे प्रचंड ताकदीचे ठोसे हे फोरमनचे हत्यार होते आणि फ्रेझियरला तर अंगावर चालून जाण्याशिवाय दुसरे काही येतच नव्हते. तो सहा वेळा पडला, हे सगळे सांगतात. तो सहाही वेळा उठला आणि पंचाने हात आडवा घातला म्हणून सामना थांबला, हे क्वचितच कोणी सांगते. त्यापलीकडे एक साधी कसोटी आहे. अलीच्या थोरवीचा पुरावा म्हणून जाणकार कोणते सामने दाखवतात? त्यांत फ्रेझियरशी झालेले सामने असतातच. सोन्याचा कस ज्या दगडावर लागतो, त्या दगडाला कोणी दागिना म्हणत नाही. पण तो नसेल तर सोने आणि पितळ यांत फरक कसा करणार?

तिसरा सामना १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या क्वेझॉन सिटी येथे झाला. अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीसाठी तो सकाळी ठेवला होता आणि सभागृहातील उकाडा असह्य होता. अलीने यावेळी फ्रेझियरला गोरिला म्हटले आणि पत्रकारांपुढे रबराचे खेळण्यातले माकड काढून त्याला ठोसे मारून दाखवले. काळ्या माणसाला माकड म्हणण्याची चाल कोणाची होती, हे जगाला ठाऊक होते. अलीसारख्या स्वाभिमानी माणसाने ती उचलावी, याचे समर्थन त्याच्या कट्टर चाहत्यालाही करता येणार नाही. पत्रकार मात्र हसले. त्या हसण्याचीही नोंद घ्यायला हवी, कारण फ्रेझियरच्या एकटेपणात त्याचा वाटा आहे.

रिंगणात घडले ते खेळाच्या मर्यादेबाहेरचे होते. पहिल्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझियरच्या, शेवटच्या पुन्हा अलीच्या. फ्रेझियरच्या डाव्या डोळ्याची दृष्टी फार पूर्वीपासून अधू होती. ही गोष्ट त्याने वर्षानुवर्षे लपवली होती आणि १९९६ च्या आत्मचरित्रात उघड केली. त्या दिवशी उजवा डोळा सुजून बंद होत गेला आणि समोरून येणारे ठोसे त्याला दिसेनासे झाले. तेराव्या आणि चौदाव्या फेरीत तो जवळजवळ आंधळेपणाने लढत होता. डरहॅमचे १९७३ मध्ये निधन झाल्यावर एडी फुच हे त्याचे प्रशिक्षक झाले होते. मुष्टियुद्धात माणसे मेलेली फुच यांनी पाहिली होती. चौदाव्या फेरीनंतर त्यांनी सामना थांबवला. फ्रेझियर उठायला तयार होता, विरोध करत होता. फुच यांनी त्याला बसवले. समोरच्या कोपऱ्यात अलीचीही अवस्था अशी होती, की तोच आधी हार मानणार होता, अशी हकीकत पुढे सांगितली गेली. तिच्याविषयी मतभेद आहेत. हा अनुभव मृत्यूच्या सर्वांत जवळचा होता, असे मात्र अलीने स्वतः म्हटले आणि आपल्यानंतरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा फ्रेझियरच, अशी कबुलीही दिली.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात फुच यांचा तो निर्णय ठोशांइतकाच मोलाचा आहे. एक फेरी शिल्लक होती, जगज्जेतेपद हातभर अंतरावर होते आणि तरी त्यांनी माणूस निवडला. मनिलाचा सामना महान म्हणून साजरा करणारे त्याची किंमत सहसा विसरतात. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले आणि त्याचा तो सुप्रसिद्ध आवाज हळूहळू विझला. उतारवयात फ्रेझियरचे बोलणेही जड आणि अस्पष्ट झाले. दुसऱ्याच्या मेंदूला इजा करणे हे ज्या खेळात यशाचे साधन आहे, त्याविषयी आदर आणि अस्वस्थता अशा दोन्ही भावना एकाच वेळी बाळगाव्या लागतात. त्यांपैकी एक सोडून दिली, की लिहिणे सोपे होते आणि खोटेही.

फ्रेझियरने १९७६ मध्ये फोरमनशी दुसऱ्यांदा हरल्यावर निवृत्ती घेतली. १९८१ मध्ये तो एका सामन्यासाठी परतला. तो सामना बरोबरीत सुटला. ते पुनरागमन झाले नसते तर बरे झाले असते.

त्याची खरी दुसरी लढाई रिंगणाबाहेर चालू राहिली आणि तीत तो नेहमीच मोठा दिसला नाही. अलीबद्दलची कटुता त्याने पोसली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत थरथरत्या हातांनी पेटवणाऱ्या अलीला पाहून जगाचे डोळे पाणावले, तेव्हा त्याला त्या ज्वाळेत ढकलून द्यायला आवडले असते, अशा अर्थाचे फ्रेझियर बोलून गेला. अलीच्या आजारात त्याने आपल्या ठोशांचा विजय पाहिला. हे क्रूर होते. त्याचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवले, तर अलीच्या भक्तांनी जे केले तेच फ्रेझियरच्या बाबतीत केल्यासारखे होईल. मात्र क्रूरपणाचीही एक उत्पत्ती असते. ज्या माणसाने अडचणीत हात दिला, त्यालाच आपल्या समाजात परका ठरवले गेले आणि तसे ठरवणाऱ्याला जग संत मानू लागले. अशा अन्यायाची तक्रार कुठे करायची? न्यायालयात तिचा खटला चालत नाही. २००१ मध्ये अलीने एका वृत्तपत्राला मुलाखत देताना आपण बोलू नये ते बोललो अशी कबुली दिली आणि क्षमा मागितली. फ्रेझियरने कधी ती स्वीकारल्यासारखे केले, कधी ती आपल्याला समक्ष दिलेली नाही म्हणून नाकारली. त्याच वर्षी जूनमध्ये दोघांच्या मुली, लैला अली आणि जॅकी फ्रेझियर-लाइड, रिंगणात एकमेकींशी लढल्या. लैला जिंकली. बापांचे वैर मुलींच्या वाट्याला येते, ही गोष्ट जगात नवी नाही. इथे तिची तिकिटे विकली गेली, एवढेच.

फिलाडेल्फिया शहराने आपल्या या नागरिकाशी जसा व्यवहार केला, तो तर विचार करायला लावणारा आहे. १९७६ मध्ये 'रॉकी' नावाचा चित्रपट आला. फिलाडेल्फियातला एक गरीब मुष्टियोद्धा जगज्जेत्याशी लढतो, अशी त्याची कथा. तिची कल्पना लेखक-अभिनेता सिल्व्हेस्टर स्टॅलोनला १९७५ मध्ये अलीशी लढलेल्या चक वेपनरवरून सुचली, हे खरे. पण नायक कत्तलखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारतो आणि शहरातील कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढतो, ही दोन दृश्ये आपल्या आयुष्यातून उचललेली आहेत, असे फ्रेझियर सांगत आला. चित्रपटात तो स्वतः काही क्षण दिसतोही. मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटासाठी रॉकीचा कांस्य पुतळा घडवण्यात आला आणि २००६ मध्ये तो संग्रहालयाच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवला गेला. जगभरातून पर्यटक येऊन त्याच्याजवळ मुठी उगारून छायाचित्रे काढू लागले. त्याच शहरातील उत्तर भागात, ब्रॉड स्ट्रीटवर, ऑलिंपिक सुवर्णपदक आणि जगज्जेतेपद खरोखर जिंकलेला माणूस आपल्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत राहत होता आणि खाली गल्लीतल्या मुलांना शिकवत होता.

यात स्टॅलोनचा दोष शोधण्यात अर्थ नाही. काल्पनिक नायक सोयीचा असतो. त्याला वर्णाचा इतिहास नसतो, तो मनात कटुता धरत नाही, त्याच्या हातून पैसा निसटत नाही आणि तो म्हातारा होऊन अडखळत बोलत नाही. खऱ्या माणसाचा सन्मान करायचा, तर त्याच्या या सगळ्यासकट करावा लागतो.

फ्रेझियरचे ७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगाने निधन झाले. अंत्यसंस्काराला आजारी अली आला होता. नागरी हक्कांच्या चळवळीतील नेते जेसी जॅक्सन यांनी आपल्या भाषणात रॉकी हा जगज्जेता नव्हता, फ्रेझियर होता, असे बजावले. उपस्थितांनी उभे राहून टाळ्या वाजवाव्यात असे त्यांनी सांगितले, तेव्हा अलीही इतरांच्या आधाराने उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

मरणानंतर शहराला जाग आली. २०१५ मध्ये दक्षिण फिलाडेल्फियातील क्रीडासंकुलांच्या परिसरात फ्रेझियरचा पुतळा उभारण्यात आला. अली पडला त्या क्षणीचा फ्रेझियर त्यात साकारला आहे. म्हणजे पुतळ्यातही अली आहेच, फक्त तो दिसत नाही. हा पुतळा कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांजवळ हलवावा, असा प्रस्ताव २०२५ मध्ये मांडला गेला.

पुतळ्यापेक्षा अधिक बोलका पुरावा ब्रॉड स्ट्रीटवरची ती व्यायामशाळा आहे. १९७० नंतरच्या दशकांत त्या वस्तीतील कारखाने बंद पडत होते, नोकऱ्या जात होत्या आणि मुले रस्त्यावर येत होती. तिथे एका माजी जगज्जेत्याने आपले दार उघडे ठेवले. त्याचा मुलगा मार्व्हिस आणि मुलगी जॅकी यांच्यासारखे काही जण व्यावसायिक मुष्टियोद्धे झाले. जॅकी कायदा शिकून पुढे न्यायाधीशही झाली. तिथे येणाऱ्या बहुतेकांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. फ्रेझियरच्या वारशाची चर्चा करताना १९७१ चा हुक जितका सांगितला जातो, तितके हे उघडे दार सांगितले जात नाही. खरे तर जगज्जेतेपद त्याने तीनच वर्षे सांभाळले. व्यायामशाळा त्याने अनेक दशके चालवली.

ती त्याच्या हयातीतच बंद झाली. इमारत विकली गेली आणि तिथे स्वस्त फर्निचरचे दुकान सुरू झाले. जतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी पाठपुरावा केल्यावर २०१३ मध्ये तिचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाला. त्या वेळी आत पलंग आणि सोफे विकले जात होते. बाहेर दर्शनी भिंतीच्या दगडात कोरलेले फ्रेझियरचे नाव तसेच होते.